लढाऊ विमानाच्या हडवरील शस्त्रचिन्हे कशी वाचावीत?

आकाशवेडा
नमस्कार मंडळी. लढाऊ विमानाच्या वैमानिकासमोर एक तिरपी पारदर्शक काच असते आणि तिच्यावर हिरव्या रेषा व आकडे उमटतात. तिला हेड-अप डिस्प्ले आणि थोडक्यात 'हड' म्हणतात, एवढे मला ठाऊक आहे. उंची, वेग आणि दिशा यांचे आकडे मी आता न अडखळता वाचू शकतो. परंतु शस्त्र निवडल्याबरोबर काचेवर जी निराळी चिन्हे अवतरतात, ती मात्र अजून समजत नाहीत. गेल्या आठवड्यात एफ-१६ विमानाच्या सरावाचे, हडमधूनच टिपलेले एक जुने चित्रण मी अनेक वेळा पाहिले. त्यातील तीन गोष्टींपाशी मी अडलो आहे.

पहिल्या भागात दोन विमानांची सरावाची झुंज आहे. त्यात दोन वक्र रेषा वरून खाली निमुळत्या होत जातात आणि वैमानिक समोरचे विमान त्या दोहोंच्या मध्ये आणू पाहतो. दुसऱ्या भागात काचेच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी असून तिच्यावर एक लहान बाणाचे टोक सरकत असते. तिसऱ्या भागात विमान जमिनीवरील लक्ष्याकडे सूर मारते, एक वर्तुळ त्या लक्ष्यावर नेमके येते, आणि तरीही वैमानिक बॉम्ब न टाकता विमान वर खेचतो. तसे का केले असावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो आहे. शिवाय पहिल्या भागात डावीकडे खाली 'सिम' ही अक्षरे दिसतात, तर तिसऱ्या भागात त्याच जागी 'आर्म' दिसते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शलाका
प्रश्न चांगला आहे. शस्त्रांकडे वळण्यापूर्वी काचेविषयी थोडे लिहिते, कारण प्रकाशशास्त्र हा माझा विषय आहे आणि या काचेची खुबी कळली नाही तर पुढचे सारे अधांतरी राहील.

हडवरील चित्र काचेवर उमटलेले दिसते, पण ते काचेवर नसते. खालच्या नळीतून निघालेला प्रकाश भिंगांमधून असा समांतर करून पाठवलेला असतो की डोळ्याला ते चित्र अनंत अंतरावर असल्याप्रमाणे दिसते. त्याचे दोन परिणाम होतात. दूरचे विमान आणि हिरवे चिन्ह दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, डोळ्याला नजर जवळ-दूर करावी लागत नाही. आणि दुसरा परिणाम अधिक मोलाचा आहे, तो म्हणजे वैमानिकाने डोके थोडे इकडेतिकडे हलवले तरी चिन्ह बाहेरच्या ज्या बिंदूवर टेकलेले असते तिथून ढळत नाही. खिडकीच्या काचेवर खडूने फुली काढून दूरच्या झाडावर नेम धरून पाहा. डोके हलवले की फुली झाडावरून सरकते. हडची फुली सरकत नाही, म्हणूनच ती नेम धरण्याच्या कामी येते.

शस्त्रांचा सगळा हिशेब ज्या चिन्हापासून सुरू होतो ते म्हणजे बाजूंना दोन आखूड पंख आणि वर एक छोटी शेपूट असलेले लहानसे वर्तुळ. त्याला फ्लाइट पाथ मार्कर म्हणतात. मी त्याला गतिचिन्ह म्हणेन. विमानाचे नाक ज्या दिशेला असते, नेमके त्याच दिशेला विमान जात नसते. नाक थोडे वर ठेवून ते पुढे सरकत असते. विमान प्रत्यक्षात कुठे चालले आहे, हे गतिचिन्ह दाखवते. ते डोंगरावर टेकलेले असेल, तर काही बदल न केल्यास विमान त्या डोंगराला भिडणार.

लोहगावकर
मी हवाई दलात शस्त्रास्त्र विभागात तंत्रज्ञ होतो आणि निवृत्त होऊन बराच काळ लोटला आहे. जे सर्वत्र छापून आलेले आहे तेवढेच लिहीन.

'सिम' आणि 'आर्म' यांचा उलगडा सोपा आहे. शस्त्रांच्या मुख्य कळीची स्थिती तिथे दिसते. 'आर्म' असेल तर बटण दाबल्यावर शस्त्र खरोखर सुटते. 'सिम' असेल तर सगळी चिन्हे खऱ्याप्रमाणे उमटतात, गणित चालू राहते, पण शस्त्राकडे जाणारा विद्युत्प्रवाह तोडलेला असतो. सरावाची झुंज आपल्याच सहकाऱ्याशी असते, म्हणून तिथे 'सिम'. कोणतेही चित्रण पाहताना प्रथम या अक्षरांकडे पाहावे.

दुसरे म्हणजे, काचेच्या वरच्या भागात अधिकच्या (+) खुणेसारखे एक स्थिर चिन्ह दिसेल. तो तोफेच्या नळीच्या रोखाचा बिंदू आहे. त्यात गणित काही नाही, विमान स्थिर उभे असते आणि गुरुत्वाकर्षण नसते तर गोळी तिकडे गेली असती, एवढेच ते सांगते. हे अधिक आणि खरी नळी यांची जुळणी जमिनीवर करावी लागते. विमान जॅकवर उचलून समपातळीत आणायचे, समोर ठरावीक अंतरावर खुणांचा फलक उभा करायचा, आणि नळीचा रोख व काचेवरचे चिन्ह आपापल्या खुणांवर येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे. या कामाला आम्ही हार्मोनायझेशन म्हणत असू. त्यात एक मिलिरेडियनची चूक राहिली, तर ६०० मीटरवर गोळी ६० सेंटिमीटर बाजूला जाते. वैमानिकाने कितीही अचूक नेम धरला तरी ही चूक त्याला भरून काढता येत नाही, म्हणून ते काम करताना आम्ही एकमेकांशी बोलतसुद्धा नसू.

गणितप्रेमी
आता त्या दोन निमुळत्या रेषांविषयी. इंग्रजीत त्यांना फनेल म्हणतात आणि आपल्याकडचा नरसाळे हा शब्द त्यांना तंतोतंत शोभतो. हडवरील मला सर्वांत आवडणारे चिन्ह हेच आहे, त्यामुळे थोडे लांबण लावतो.

एफ-१६ मधील २० मिलिमीटरच्या तोफेतून गोळी सेकंदाला सुमारे एक हजार मीटर वेगाने निघते. तिच्यात विमानाचा स्वतःचा वेग मिसळतो. ६०० मीटरवरील लक्ष्यापर्यंत पोहोचायला तिला ढोबळमानाने अर्धा सेकंद लागतो. झुंजीत विमान सेकंदाला १५ अंशांनी वळत असेल, तर त्या अर्ध्या सेकंदात त्याचे नाक सात-आठ अंश पुढे निघून गेलेले असते. गोळी मात्र सुटली त्या दिशेनेच सरळ चाललेली असते. म्हणून वळणाऱ्या वैमानिकाला आपल्या गोळ्या मागे रेंगाळल्याप्रमाणे दिसतात. बागेत पाणी घालताना नळी भरभर फिरवली की पाण्याची धार जशी मागे वाकते, तसेच हे आहे.

नरसाळे ही ती वाकलेली धार आहे. त्याची मध्यरेषा गोळ्यांची वाट दाखवते. वरचे रुंद तोंड जवळच्या अंतराचे आणि खालचे निमुळते टोक दूरच्या अंतराचे. विमान जोराने ओढले की नरसाळे लांबते आणि खाली झुकते, गिरकी घेतली की ते बाजूला झोके घेते. दोन रेषांमधील रुंदी मात्र गोळ्यांची नसून लक्ष्याची आहे. प्रत्येक अंतरावर शत्रूच्या विमानाचे पंख काचेवर जेवढे रुंद दिसतील, तेवढीच नरसाळ्याची त्या जागी रुंदी असते. त्यामुळे रडारने अंतर मोजलेले नसले तरी काम भागते. लक्ष्याच्या पंखांची दोन्ही टोके दोन्ही रेषांना टेकतात ती जागा शोधायची आणि लक्ष्य तिथे धरून ठेवायचे, म्हणजे अंतर आणि अंतरानुसार लागणारी आघाडी (लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा ते) दोन्ही एकदम साधतात.

यात एक गृहीतक दडलेले आहे. संगणकाला लक्ष्याच्या पंखांचा विस्तार आधी सांगावा लागतो, आणि एफ-१६ मध्ये काही सांगितले नाही तर तो ३५ फूट धरला जातो. मिग-२९ चा विस्तार सुमारे ३७ फूट आहे, त्यामुळे फारसे बिघडत नाही. सुखोई-२७ चा विस्तार मात्र सुमारे ४८ फूट आहे. ३५ वर ठेवलेल्या नरसाळ्यात सुखोई नेमके बसलेले दिसले आणि त्या जागेचे अंतर ६०० मीटर असले, तर खरे अंतर ६०० गुणिले ४८ भागिले ३५, म्हणजे सुमारे ८२० मीटर असेल. मोठे विमान जवळ असल्याचा भास होतो, वैमानिक आघाडी कमी घेतो, आणि गोळ्या लक्ष्याच्या मागून निघून जातात.

आकाशवेडा
गणितप्रेमी, नरसाळ्याच्या रुंदीत लक्ष्य बसवायचे असते हे मला चित्रणावरून मुळीच कळले नव्हते. मी त्या रेषा गोळ्यांच्या विखुरण्याची हद्द समजत होतो. लोहगावकर काका, पंखांचे माप आधी लावण्याची ही पद्धत रशियन विमानांतही आहे का?

लोहगावकर
आहे, आणि ती हडहूनही जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या सुमारास, ब्रिटिश व अमेरिकी लढाऊ विमानांत वेगाने फिरणारे चक्र (जायरोस्कोप) असलेले नेमयंत्र आले. त्यात वैमानिक शत्रूविमानाच्या पंखांचा विस्तार एका तबकडीवर लावत असे आणि मग थ्रॉटलची मूठ पिळून लहान शंकरपाळ्यांचे एक कडे लक्ष्याभोवती बरोबर बसेल इतके लहान-मोठे करत असे. आघाडी चक्र काढून देई, अंतर ते कडे सांगे. ओझरच्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या मिग-२१ विमानांच्या नेमयंत्रातही लक्ष्याचा आकार हाताने लावण्याची सोय होती. मिग-२९ मध्ये त्या मापाला रशियन भाषेत 'बाझा' म्हणतात.

एक भर घालतो. रडारने लक्ष्य पकडलेले असेल तर अंतर मोजूनच मिळते, आणि नरसाळ्याच्या जोडीला नेमका नेमबिंदूही उमटतो. गोळीबार केल्यावर आणखी एक बिंदू दिसतो, ज्याच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सुटलेल्या गोळ्या लक्ष्याच्या अंतरावर पोहोचतात त्या क्षणी त्या कुठे असतील, ते तो दाखवतो. म्हणजे आधीची चिन्हे होणाऱ्या गोष्टीविषयी बोलतात आणि हा बिंदू होऊन गेलेल्या गोष्टीविषयी. सरावानंतर चित्रण थांबवत-थांबवत पाहताना प्रशिक्षक याच बिंदूवर बोट ठेवतो.

शलाका
बॉम्बच्या चिन्हांविषयी मी लिहिते. इथे दोन पद्धती आहेत आणि दोहोंत विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

पहिल्या पद्धतीला सीसीआयपी म्हणतात. 'आत्ता या क्षणी बॉम्ब सोडला तर तो कुठे पडेल?' या प्रश्नाचे उत्तर संगणक सेकंदात अनेक वेळा काढतो आणि मध्ये ठिपका असलेल्या एका लहान वर्तुळाने, म्हणजे पिपरने, दाखवतो. गतिचिन्हापासून पिपरपर्यंत एक रेषा ओढलेली असते. वैमानिक ती रेषा लक्ष्यावरून जाईल अशा बेताने सूर मारतो. पिपर त्या रेषेच्या टोकाला बसून लक्ष्याकडे सरकत येतो, आणि तो लक्ष्यावर टेकताच बटण दाबायचे. आकाशवेडा यांनी पाहिलेले वर्तुळ ते हेच.

दुसऱ्या पद्धतीला सीसीआरपी म्हणतात. तिथे लक्ष्य आधीच निश्चित केलेले असते आणि 'त्यावर पडावा म्हणून बॉम्ब कधी सोडावा?' हा प्रश्न असतो. काचेवर एक उभी रेषा येते. वैमानिक गतिचिन्ह तिच्यावर ठेवून बटण दाबून धरतो. रेषेवरून एक छोटी आडवी खूण खाली उतरत येते आणि ती गतिचिन्हाला छेदते त्या क्षणी संगणक स्वतः बॉम्ब सोडतो. पहिल्या पद्धतीत क्षण वैमानिक निवडतो, दुसऱ्या पद्धतीत तो केवळ संमती देतो.

सीसीआयपी सपाट उड्डाणात का जमत नाही, हे आकडेमोडीने पाहण्यासारखे आहे. हवेचा रोध तूर्त सोडून देऊ. १,५०० मीटर उंचीवरून सेकंदाला २४० मीटर वेगाने सरळ जाणाऱ्या विमानाने बॉम्ब सोडला, तर तो जमिनीवर यायला साडेसतरा सेकंद घेतो आणि तेवढ्यात ४,२०० मीटर पुढे जातो. म्हणजे पडण्याची जागा क्षितिजाखाली जवळजवळ २० अंशांवर असते, आणि तिथवर काच पोहोचतच नाही. खाली विमानाचे नाक आडवे येते. हेच विमान त्याच उंचीवर, त्याच वेगाने ३० अंशांच्या सुरात असेल, तर बॉम्ब ९ सेकंदांत १,९०० मीटर पुढे पडतो. ती जागा गतिचिन्हाच्या खाली फक्त साडेआठ अंशांवर असल्याने काचेत आरामात मावते. पडण्याची खरी जागा काचेबाहेर असताना पिपर काचेच्या खालच्या कडेशी थांबून राहतो आणि रेषेवर एक छोटी आडवी दांडी उमटते. तेव्हा खरी जागा दिसत नसल्याने, लक्ष्यावर पिपर ठेवून बटण दाबून धरले की यंत्रणा आपोआप दुसऱ्या पद्धतीकडे वळते.

इथेही नरसाळ्यासारखेच एक गृहीतक आहे, ते म्हणजे लक्ष्याची उंची. संगणकाने लक्ष्य ३० मीटर खाली आहे असे धरले आणि ते प्रत्यक्षात टेकाडावर असले, तर ३० अंशांच्या सुरातील बॉम्ब शेवटी साधारण ४५ अंशांत उतरत असल्यामुळे तो सुमारे ३० मीटर चुकतो.

गणितप्रेमी
शलाकाताई, बाकी सगळे पटले. शेवटच्या वाक्याविषयी मात्र नम्रपणे मतभेद नोंदवतो. आपण नकाशावरचे अंतर धरले आहे. वैमानिक मात्र डोळ्याने, तिरप्या दृष्टिरेषेवरून नेम धरतो. चूक ही बॉम्बची वाट आणि दृष्टिरेषा यांच्यातील फरकाइतकीच होते.

आपलेच आकडे घेऊ. सुरात असताना दृष्टिरेषा ३८ अंशांनी खाली जाते आणि बॉम्ब शेवटी ४५ अंशांनी उतरतो. दोन्ही रेषा जवळजवळ एकाच उतरंडीच्या असल्याने, ३० मीटर उंचीच्या चुकीमुळे बॉम्ब केवळ आठ-नऊ मीटर पलीकडे पडतो. सपाट उड्डाणात मात्र दृष्टिरेषा २० अंशांची आणि बॉम्ब ३५ अंशांनी उतरणारा. तिथे तीच ३० मीटरची चूक ४० मीटरच्या घरात जाते. सूर मारून टाकलेला बॉम्ब अधिक अचूक का, याचे एक मोठे कारण हेच आहे. जितका खडा सूर, तितके लक्ष्याच्या उंचीचे अज्ञान कमी नडते.

शलाका
आपले बरोबर आहे, माझी चूक मान्य करते. मी कागदावर आकृती काढून पाहिली आणि दृष्टिरेषेचा विचार राहून गेल्याचे लगेच लक्षात आले. मूळ प्रतिसाद तसाच ठेवते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला आपले स्पष्टीकरण कशाला उद्देशून आहे ते कळेल.

उंचीचे हे अज्ञान दूर करण्याचे मार्गही सांगायला हवेत. विमानाच्या पोटाखालचा रडार-उंचीमापक फक्त थेट खालच्या जमिनीची उंची सांगतो. लक्ष्य पुढच्या उतारावर असेल तर तो दिशाभूल करतो. म्हणून एफ-१६ चे रडार पिपर ज्या दिशेला आहे त्याच दिशेला किरण टाकून तिरपे अंतर मोजते. लेसरने मोजले तर ते याहून नेमके होते.

डोंगराळ मुलुखात याचे महत्त्व किती, हे आपण १९९९ साली कारगिलमध्ये पाहिले. २६ मे रोजी हवाई दलाची सफेद सागर मोहीम सुरू झाली, तेव्हा लक्ष्ये पाच हजार मीटरच्या आसपासच्या कड्यांवर आणि धारांवर होती. तिथे दोन पावलांवर जमीन शेकडो मीटर खाली जाते, आणि हवा विरळ असल्याने बॉम्बची वाटही मैदानातल्यासारखी राहत नाही. पुढे जून महिन्यात टायगर हिलवर मिराज-२००० विमानांनी लेसरने मार्गदर्शन केलेला बॉम्ब वापरला. त्या बॉम्बला सुटण्याच्या क्षणी अचूक उत्तराची गरज नसते. त्याला लेसरच्या ठिपक्याकडे वळता येईल एवढ्या टापूत सोडले की पुरते. हडवर त्यामुळे एका बिंदूऐवजी एक टापू महत्त्वाचा ठरतो, आणि तोच विचार क्षेपणास्त्रांच्या चिन्हांत दिसतो.

आपल्या तेजस विमानासाठी हड चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केला, हे या निमित्ताने आनंदाने नोंदवते. समांतर प्रकाशाची ही भिंगव्यवस्था जमवणे किती जिकिरीचे असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यालाच कळते.

लोहगावकर
आकाशवेडा यांच्या उजवीकडच्या पट्टीकडे येतो.

जवळच्या पल्ल्याचे, उष्णतेवर जाणारे क्षेपणास्त्र निवडले की काचेवर एक शंकरपाळा दिसतो. क्षेपणास्त्राच्या तोंडाशी असलेला डोळा कुठे पाहतो आहे, ते तो दाखवतो. शत्रूच्या विमानाभोवती दिसणारी चौकोनी चौकट मात्र रडारची असते. शंकरपाळा चौकटीत बसला आणि कानात येणारा गुरगुराट चढला, म्हणजे रडार आणि क्षेपणास्त्र दोघेही एकाच गोष्टीकडे पाहत आहेत. चौकट एका विमानावर आणि शंकरपाळा सूर्यावर किंवा दुसऱ्याच विमानावर, असे असेल तर बटणापासून बोट दूर ठेवावे.

दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रासाठी एक मोठे वर्तुळ आणि आत एक ठिपका येतो. ठिपका मध्यावर आणायचा, म्हणजे क्षेपणास्त्राला सुटल्यावर कमी वळावे लागते आणि त्याची शक्ती पल्ल्यासाठी शिल्लक राहते. पट्टीवरचे बाणाचे टोक म्हणजे लक्ष्याचे अंतर. त्याच्या शेजारचा आकडा दोन विमाने एकमेकांजवळ येण्याचा वेग सांगतो. पट्टीवरच्या खुणा म्हणजे क्षेपणास्त्राच्या पल्ल्याच्या हद्दी.

मिग-२९ ची पहिली विमाने १९८७ साली लोहगावला आली. त्या विमानाच्या मूळ काचेवर क्षेपणास्त्र सोडण्याची परवानगी दोन रशियन अक्षरांत दिसते. त्यांचा उच्चार पे आणि एर. पूर्ण शब्द 'पुस्क रझ्रेशोन', म्हणजे सोडण्यास अनुमती. पाश्चात्त्य हडवर वैमानिकाने पट्टी वाचून निर्णय घ्यावा असा कल आहे, तर त्या काचेवर यंत्र निर्णय काढून देते. कोणते चांगले, यावर आमच्यात पुष्कळ चर्चा होत असे. मला स्वतःला पट्टी अधिक पटते, कारण हद्दीच्या आत आपण किती आत आहोत हे ती सांगते आणि दोन अक्षरे ते सांगू शकत नाहीत.

गणितप्रेमी
त्या पट्टीवरील खुणा स्थिर नसतात, हे आकाशवेडा यांनी आवर्जून पाहावे. समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. एखादे क्षेपणास्त्र सरासरी ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाने ३० सेकंद उडते असे धरले, तर ते स्वतः २७ किलोमीटर जाते. लक्ष्य ३०० मीटर प्रतिसेकंद वेगाने समोरून येत असेल, तर त्या ३० सेकंदांत ते ९ किलोमीटर जवळ येते. म्हणून ३६ किलोमीटरवरूनही क्षेपणास्त्र सोडता येईल. तेच लक्ष्य पाठ फिरवून पळत असेल, तर १८ किलोमीटरवरूनच सोडावे लागेल. शस्त्र तेच, पल्ला दुप्पट किंवा निम्मा.

सर्वांत दूरची खूण लक्ष्य आहे तसेच येत राहील असे गृहीत धरते. त्याच्या आत आणखी एक खूण असते, जिचे गृहीतक उलटे आहे, ते असे की क्षेपणास्त्र सुटताच लक्ष्य वळून जिवाच्या आकांताने पळेल. वरच्या आकड्यांत पहिली खूण ३६ वर आणि दुसरी १८ च्या थोडी वर येईल, कारण वळायला लक्ष्याला काही सेकंद लागतात. बाणाचे टोक या दोन खुणांच्या मध्ये असताना सोडलेले क्षेपणास्त्र लागेल की नाही, हे समोरचा वैमानिक काय करतो यावर अवलंबून असते. सगळ्यांत खाली किमान अंतराची खूण असते. त्याहून जवळून क्षेपणास्त्र सोडले, तर त्याला सज्ज व्हायला आणि वळायलाच वेळ मिळत नाही. अनेक अमेरिकी विमानांत अशा वेळी काचेच्या मधोमध मोठी फुली लुकलुकते.

आकाशवेडा
आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. हे सर्व वाचून मी ते चित्रण पुन्हा, एकेक क्षण थांबवत पाहिले. झुंजीच्या भागात वैमानिक आधी लक्ष्य नरसाळ्याच्या अगदी खालच्या टोकाशी आणतो, थोडा थांबतो, मग पंख रेषांना टेकेपर्यंत जवळ जातो आणि तेव्हाच बटण दाबतो. पट्टीवरच्या खुणा लक्ष्य वळताच खाली घसरतात, हेही आता स्पष्ट दिसले.

बॉम्बच्या भागात रेषा लक्ष्यावरून जाते, पिपर लक्ष्याकडे सरकत येतो आणि नेमका टेकतो. मुख्य कळ 'आर्म' वर आहे. तरी वैमानिक बटण दाबत नाही. एक गोष्ट मात्र यावेळी नव्याने लक्षात आली. दोन्ही टोके वर वळलेला, चपट्या कंसासारखा एक आकार खालून वर चढत येतो, आणि पिपर लक्ष्यावर टेकतो तेव्हा तो गतिचिन्हाच्या वर गेलेला असतो. त्याच वेळी 'लो' अशी अक्षरे उमटतात. याचा काही संबंध आहे का?

लोहगावकर
आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या कंसातच आहे.

विमान खाली येते तसा तो कंस गतिचिन्हाकडे चढत जातो. तो दोन मुदतींचा हिशेब ठेवतो. एक, वैमानिकाने ठरावीक जोराने नाक वर ओढले तर विमान जमिनीपासून सुरक्षित अंतर राखून वळेल का. दुसरी, बॉम्बच्या फ्यूजला, म्हणजे तो फोडणाऱ्या यंत्रणेला, सज्ज व्हायला जेवढे सेकंद लागतात तेवढे बॉम्बच्या पडण्याच्या वेळेत आहेत का. यांपैकी जी मुदत आधी संपत असेल, तिच्यानुसार कंस वर येतो. फ्यूजला लागणारा वेळ मुद्दाम असा ठेवलेला असतो की बॉम्ब फुटेपर्यंत विमान त्याच्या तुकड्यांच्या टप्प्याबाहेर गेलेले असावे. कंस गतिचिन्हाच्या वर गेला की सोडलेला बॉम्ब सज्ज होण्याआधीच जमिनीवर पोहोचेल, हे 'लो' ही अक्षरे सांगतात.

आपण वर्णन केले त्यावरून वैमानिकाचा सूर ठरल्यापेक्षा थोडा उथळ झाला असावा. उथळ सुरात पिपर लक्ष्यापर्यंत यायला अधिक वेळ घेतो आणि तोवर विमान अधिक खाली आलेले असते. सुराच्या सुरुवातीलाच गतिचिन्हाकडे पाहा आणि त्याच्या शेजारच्या अंशांच्या शिडीवरचा आकडा, म्हणजे सुराचा कोन, वाचा. २५ किंवा त्याहून कमी निघाला तर माझा अंदाज बरोबर ठरेल.

आकाशवेडा
काका, आताच पाहून आलो. आकडा २४ आहे. आणि त्याच वैमानिकाचा दुसरा सूर त्याच चित्रणात पुढे आहे, जो मी आजवर कंटाळून पाहिलाच नव्हता. त्यात आकडा ३१ दिसतो, पिपर टेकतो तेव्हा कंस गतिचिन्हाच्या बराच खाली असतो, आणि वैमानिक बटण दाबतो.